गुरुवारी पाहिलेलं कॉलेज

"पर्मनंट सोडती? आगं, पर्मनंट?"

बबनतात्यांनी असा ब्रेक मारला की मागच्या सीटवर झोपलेले क्वालिटीचे साहेब पुढच्या सीटवर जागे झाले. मोशीच्या चढावर कंपनीची बस उभी, मागे नाशिककडे निघालेले ट्रक भोंगे वाजवतायत, आणि आमचे ड्रायव्हर स्टेअरिंग सोडून, पार मागे वळून माझ्यावर ओरडतायत.

"आमच्या गावातली पोरं पर्मनंट व्हायला नवस बोलत्यात! देवाला कोंबडं कबूल करत्यात! आन ही म्हन्ती, कालेजात जाते. नाव काय म्हनलीस त्या कालेजाचं?"

मी नाव सांगितलं. बसमध्ये एकदम शांतता. तसली शांतता मी त्यानंतर फक्त शोकसभेत अनुभवली. अख्ख्या बसमध्ये एकानंही ते नाव ऐकलेलं नव्हतं. शेवटी तात्यांनाच आठवलं.

"व्हय, व्हय. तळेगावच्या अलीकडं, टेकडीमागं. तिथं आमच्या मेव्हण्याची म्हस हरवली हुती."

"सापडली का?" माझ्या शेजारी खिडकीत बसलेल्या शबानानं विचारलं.

"सापडली की. पर दूध आटलं हुतं."

बस हसली. चाकणपर्यंत हसतच गेली. मीही हसले, कारण त्यांना अजून अर्धीच बातमी माहीत होती. त्या कॉलेजात मी एकटी जाणार नव्हते. खिडकीत बसून म्हशीची चौकशी करणारी ही साळसूद बाईसुद्धा माझ्याबरोबर येणार होती.

जून आला की हे सगळं परत येतं. काळेवाडी फाट्यावर फ्लेक्स लागतात, 'प्रवेश सुरू'. टाय लावलेली, हात बांधलेली मुलं-मुली विजेच्या खांबाखांबावरून आपल्याकडे बघून हसतात. रस्त्याच्या कडेला जांभूळवाल्या पाट्या घेऊन बसतात. आणि मला फोन सुरू होतात. कुणाची भाची असते, कुणाच्या ऑफिसातला नवा मुलगा असतो. "ताई, अमुक एका कॉलेजात फायनान्सच्या एमबीएला मिळतंय. नाव फारसं कुणाला माहीत नाही. करिअरला फायदा होईल का?" मी खुर्चीत नीट मागे रेलून उत्तर द्यायला लागते, आणि तोंड उघडताच नाकात येतो तो बसमधला वास. तापलेलं रेक्झिन, कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी, मोशीच्या कचरा डेपोवरून आलेला वारा, आणि शबानाच्या ओढणीला लागलेला तिच्या अब्बांच्या गॅरेजमधला ऑइलचा वास. तो कितीही धुतला तरी जात नसे. ती म्हणायची, "हे आमचं खानदानी अत्तर आहे."

आम्ही दोघी चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला होतो. मोठ्या गाड्यांना लागणारे छोटे पत्र्याचे तुकडे आमच्याकडे बनायचे. पुरवठादारांची बिलं आली की ती माल आल्याच्या पावतीशी जुळवायची आणि पास करायची, हे आमचं काम. बिल जुळलं नाही की मी फोनवर भांडायचे. माझा आवाज इतका होता की फोन लावायची गरज नव्हती, खिडकी उघडली की भोसरीत ऐकू जायचं, असं आमचे साहेब म्हणत. शबाना भांडायची नाही. ती बिलाकडे बघत बसायची, आणि थोड्या वेळानं म्हणायची, "चूक आपली आहे." बहुतेक वेळा असायचीही. माझा सगळा आरडाओरडा वाया.

त्या जूनच्या अखेरीस आम्हा दोघींना पर्मनंटचं पत्र मिळणार असं नक्की झालं होतं. ज्यांनी या पट्ट्यात दिवस काढलेले नाहीत त्यांना या शब्दाचं वजन कळणार नाही. इथं पत्रिका जुळवताना गुरुजी आधी विचारतात मुलगा पर्मनंट आहे का, मग मंगळ बघतात. आणि नेमक्या त्याच महिन्यात त्या कॉलेजचे प्रवेश. बिलं पास करण्यात जन्म जाणार हे मला दिसत होतं. भिंतीपलीकडे काचेच्या केबिनमध्ये बसून कंपनीनं नवं मशीन घ्यावं की नाही, कर्ज किती काढावं, हे ठरवणारी माणसं होती. मला तिकडे बसायचं होतं. शबानाला तर त्या केबिनमधल्या फळ्यावर काय लिहिलंय ते वाचायला चहा नेऊन द्यायचीसुद्धा तयारी होती. मोठ्या नावाच्या कॉलेजांच्या परीक्षेत आम्ही आपटलो होतो, म्हणजे अगदी धुरळा उडेल असं आपटलो होतो. ही एकच जागा आम्हाला घ्यायला तयार होती. प्रश्न एवढाच होता की हिच्यासाठी हातातलं सोडायचं का.

कॉलेजचा माहिती मेळावा होता रविवारी. जाहिरातीत ठळक छापलेलं. पण रविवार म्हणजे आमचा कामाचा दिवस. फार पूर्वी कधीतरी विजेची वाटणी झाली, त्यात कारखान्यांच्या वाट्याला सुट्टी म्हणून गुरुवार आला, तो आमच्या हाडांत बसला. सगळं जग रविवारी लोळतं, तेव्हा आम्ही पंचिंग मशीनपुढे रांगेत. रविवारच्या लग्नांसाठी या भागात किती आज्या मारल्या गेल्या याची गणती नाही. मी माझ्या एकाच आजीला इतक्या वेळा मारलं होतं की ती खरोखर गेली तेव्हा एचआरनं दाखला मागितला.

पण गुरुवारसारखा दिवस नाही. अख्ख्या काळेवाडीच्या गॅलऱ्यांत त्या दिवशी गोधड्या वाळत पडायच्या. नवरा घरी, बायको घरी आणि पोरं शाळेत, त्यामुळे इथले संसार टिकले असं माझं ठाम मत आहे. एकच दुःख. गुरुवार देवाचा, म्हणून निम्म्या घरांत मटण नाही. आठवड्यातली एकमेव सुट्टी आणि ताटात साबुदाणा! शबानाच्या घरी मात्र खिमा शिजायचा आणि त्याचा वास गल्ली ओलांडून आमच्या देवघरापर्यंत यायचा. मी तिच्याकडे जायचे, नुसत्या वासासाठी. पहिल्या गुरुवारी तिनं माझ्यापुढे वेगळी वाटी ठेवली. डाळ. वरून लसणाची फोडणी. त्यानंतर दर गुरुवारी त्या घरात खिम्याशेजारी एक छोटं पातेलं असायचं, माझ्या नावाचं.

तर आम्ही सवयीनं गुरुवारीच गेलो. सुट्टी असली की पाय उचलतात, आमच्यासारखी माणसं तारीख बघत नाहीत. अब्बांच्या गॅरेजपुढून निघालो तेव्हा शटर अर्धं खाली होतं. त्या मे महिन्यात जड मोटरसायकल उचलताना त्यांच्या कंबरेत चमक भरली होती. नुसता आवाज ऐकून गाडीचा रोग सांगणारा माणूस, तो स्वतःच्या कंबरेला म्हणत होता, "चार दिन में ठीक." आतूनच ओरडले, "कॉलेज अच्छा नहीं लगा तो बोलना, मैं सर्विसिंग कर दूँगा!"

टेकडीमागे पोचलो तर कॉलेज ओस. मेळाव्याचा मांडव नाही, टायवाली मुलं नाहीत, सरबत नाही. गेटवरचा माणूस आम्हाला बघून घाबरला, त्याला वाटलं तपासणी आली. भल्यामोठ्या बोर्डावर नामवंत कंपन्यांची चिन्हं रंगवली होती. इमारतीचा एक मजला अजून बिनप्लास्टरचा, त्याच्या सळ्या आभाळात घुसलेल्या. मी शबानाला म्हटलं, "शबो, चल परत. म्हैस इथंच आटली." पण ती पुढे गेली होती, एका वर्गाच्या दारात उभी होती.

आत मूठभर पोरं, आणि घामानं शर्ट चिकटलेले एक सर. आम्ही कोण म्हणून त्यांनी विचारलं. चाकणहून आलोय म्हटल्यावर खुश झाले, "बसा, बसा. तुमचंच चाललंय." फळ्यावर प्रश्न होता: एका कंपनीला वर्षभर नफा होतो, तरी दर महिन्याला पगार उशिरा का होतात?

मी हात वर केला आणि म्हटलं, "मालक चोर असतो." पोरं बाकं बडवायला लागली. सरही हसले. "हे उत्तर पेपरात चालत नाही. दुसरं कुणी?"

शबाना उठली. विचारलं नाही, नुसती उठली, खडू घेतला आणि आमचं आवार काढलं. इथं पत्रा पडून असतो, तो आधीच विकत घेतलेला. इथं अर्धे झालेले तुकडे. इथं तयार माल, गाडीची वाट बघत. गाडी गेली तरी मोठी कंपनी दोन-तीन महिन्यांनी देणार. आणि पत्रेवाला तर पहिल्याच महिन्यात दारात. ती फार हळू बोलत होती. मग सरांनी दुसरा खडू घेतला, वर 'खेळतं भांडवल' असं लिहिलं आणि तिच्याच चित्रावर बाण काढले, पैसा कुठून निघतो, कुठं अडकतो, किती दिवसांनी परत येतो. ते मोजायचं कसं, कमी करायचं कसं, बँकेला दाखवायचं कसं. शबाना फळ्याशीच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ईदचा चंद्र पहिल्यांदा दिसलेल्या माणसाचा असेल तसा.

तास संपल्यावर मी सरांना स्पष्ट विचारलं, इथून बाहेर पडलेली पोरं कुठे जातात. ते म्हणाले, "काही बँकेत, काही विम्यात. काही अजून शोधतायत. मोठ्या कंपन्या इथं येत नाहीत. बाहेरच्या बोर्डावर येतात म्हणून लिहिलंय, पण तो बोर्ड मी रंगवलेला नाही."

परतीच्या शेअर रिक्षात आम्ही जांभळं खात होतो. जिभा जांभळ्या. मी बडबडत होते, सळ्यांबद्दल, बोर्डाबद्दल. शबानाच्या बोटांना खडू लागलेला होता आणि तो तिनं पुसला नव्हता. चिंचवड स्टेशन आल्यावर एकदम म्हणाली, "त्याला नाव आहे, वैशे."

"कशाला?"

"आपण इतकी वर्षं ज्याला नुसती बोंब म्हणत होतो ना, त्याला नाव आहे. आणि ते मोजता येतं."

त्या क्षणी ठरलं. निदान मी तरी तसं धरून चालले.

आमच्या घरी पप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, "नाव काय म्हणालीस?" मी सांगायचे, ते विसरायचे. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या सगळ्या रिटायर मित्रांना त्यांनी विचारून पाहिलं, कुणी ऐकलेलं नव्हतं. एकजण म्हणाला, ऐकलंय. पण तो आधीच्या आठवड्यात, आपण विमान चालवलंय असं म्हणाला होता. पप्पांनी आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात काढलेलं, सायरनवर घड्याळ लावणारा माणूस. शेवटी म्हणाले, "मला तिथलं काही कळत नाही. ती शबाना येतेय का बरोबर? मग जा." माझ्या घरी माझी हमी शबाना होती.

त्यानंतरचे ते दिवस! आम्ही चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अभ्यास करायचो. ते ट्रॅफिक तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, तिथं अडकलेल्या एका ट्रकच्या हौद्यात मी स्वतः वांग्याचं झाड उगवलेलं पाहिलंय. आमच्याच बसमध्ये एकाचं लग्न जमलं, आणि चौक सुटेपर्यंत बारशाचे पेढे आले. शबाना जुनी पुस्तकं मांडीवर उघडून बसायची. मी तिला ऐकवायचे, पुढं आपण कोण होणार ते. माझ्या गोष्टीत आम्ही दोघी काचेच्या केबिनमध्ये होतो, तात्या आमच्या गाडीचे ड्रायव्हर होते, आणि क्वालिटीचे साहेब बाहेर बाकावर बसून आमची वाट बघत होते. "आन माझा पगार?" तात्या पुढून विचारायचे. "तात्या, तुम्ही पर्मनंट!" मी ओरडायचे. शबाना हसायची, खिडकीकडे तोंड करून. कपाळावर ऊन, काचेवर धूळ. गुलमोहर संपत आलेले. इतकी सुखी मी कधीच नव्हते, आणि अजून तर काही घडलंही नव्हतं. कदाचित म्हणूनच.

गॅरेजचं शटर आधी अर्धं असायचं, मग पाव उघडं, मग कुलूप दिसायला लागलं. अब्बा आता दारात खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून रोग सांगायचे, कुणी थांबत नसलं तरी.

बुधवारी संध्याकाळी, मोशीच्याच चढावर, शबाना म्हणाली, "मी नाही येत."

मला वाटलं चेष्टा करतेय. चेष्टा माझं खातं होतं, पण माणूस शिकतो.

"मला नाही झेपणार ते," ती म्हणाली. "एवढा अभ्यास."

मी ओरडले. बापरे, काय ओरडले! ज्या पोरीनं त्या फळ्यावर आमचं अख्खं आवार मांडलं तिला झेपणार नाही? मग मला काय झेपणार? खोटारडी, भित्री, पर्मनंटला भुललेली, तोंडाला येईल ते बोलले. ती खिडकीतून बाहेर बघत होती. सगळी बस ऐकत होती आणि कुणी हसलं नाही. मी तात्यांकडे बघितलं, म्हटलं आता हे ब्रेक मारतील, वळतील, हिला दोन शब्द सुनावतील. त्यांनी आरशातून एकदा पाहिलं, गिअर बदलला आणि बस नीट चालवत राहिले.

मी एकटीच गेले. माझं पर्मनंटचं पत्र आलं ते मी परत दिलं, शबानानं तिचं घेतलं.

आता विचारा, फायदा झाला का? त्या नावानं माझ्यासाठी एकही दार उघडलं नाही. मुलाखतीला गेले की समोरचा कागद वर-खाली करून विचारायचा, "हे कॉलेज नक्की कुठे आहे?" सुरुवातीला मी लाजायचे. मग शहाणी झाले. "अहो, ते नाही का!" असं मी इतक्या आश्चर्यानं म्हणायचे की समोरच्यालाच आपण अडाणी असल्यासारखं वाटायचं. "हां हां, ते होय," म्हणून माना डोलवायचे. एका ठिकाणी तर एक साहेब म्हणाले, त्यांचा चुलतभाऊ तिथंच शिकला. तरी नोकरी काही त्या डोलणाऱ्या मानांनी दिली नाही. दिली ती बाणेरच्या एका ऑफिसनं. तिथं मला विचारलं, नफ्यातली कंपनी पगार का थकवते. मी उठून त्यांच्या फळ्यावर चाकणचं एक आवार काढलं. सगळं शबानाचं होतं, पत्रा, अर्धे तुकडे, वाट बघणारा माल. वरचे बाण सरांचे. माझा फक्त आवाज.

म्हणून जूनमध्ये फोन आले की मी सांगते, कॉलेज बघायला मेळाव्याच्या दिवशी जाऊ नका, आडदिवशी जा. वर्गाच्या दारात उभे राहा, आत बोलावतात का बघा. गेटवरचा बोर्ड वाचू नका. नावाजलेलं नसेल तर ते तुम्हाला ढकलणार नाही, तुम्हीच आयुष्यभर त्याला ढकलणार. त्यामुळे आत जाताना आपल्याकडे काही बघितलेलं, काही भोगलेलं असलं तर त्याचं सोनं होईल, रिकाम्या हातानं गेलात तर म्हैस आटली समजा. हे सगळं मी फार रुबाबात सांगते. एक गोष्ट सांगत नाही. ती फोनवर सांगण्यासारखी नाही.

मी आता मारुंजीत राहते. बाराव्या मजल्यावर. काचेचं केबिन मिळालं. सुट्टी शनिवार-रविवार. शनिवारी उठते आणि खाली बघते, कुठल्याच गॅलरीत गोधडी नाही. सुट्टी आहे, पण ती माझ्या गावाची नाही. गुरुवारी दुपारी मीटिंगमध्ये आकड्यांचे पडदे सरकत असतात आणि मला मध्येच लसणाची फोडणी ऐकू येते, चर्र.

तात्या रिटायर झाले. एकदा भोसरीत भेटले होते. म्हणाले, "तू गेल्यावर तुझ्या जागंवर ती डबा ठेवायची. कुनालाबी बसू द्यायची न्हाई. म्यानेजर चढला हुता यकदा, त्येलाबी न्हाई."

मागच्या आठवड्यात मी गुरुवारची रजा टाकली. आजीला मारलं नाही, आता तशी गरज पडत नाही. काळेवाडीला गेले. गॅरेजच्या जागी केकचं दुकान झालंय. अब्बा मागे घरात पलंगावर, माझ्या गाडीचा आवाज ऐकून आतूनच म्हणाले, "बेटा, तेरी गाडी का बेल्ट गया है." शबाना आता चाकणच्या त्याच कंपनीत अकाउंट्सची प्रमुख आहे. केस कानाशी पांढरे. ओट्यावर खिम्याशेजारी ते छोटं पातेलं होतंच. मी येणार हे तिला मी कळवलं नव्हतं.

मी जेवायला बसले आणि सुरू झाले. मारुंजीच्या लिफ्टची गोष्ट सांगितली, ऑफिसातल्या साहेबाची सांगितली, वाढवून वाढवून सांगितली. ती हसत होती. हसता हसता एकदम माझ्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

"शबो, तुला तेव्हा यायचं होतं का गं?"

"होतं," ती म्हणाली. "डाळ गार होतेय."